नाव घेणं की दाद मागणं? 'एपिकलेओ' या ग्रीक क्रियापदाची गोष्ट

आज आपण एकच शब्द घेऊन बसणार आहोत. शब्द ग्रीक आहे, बायबलच्या नव्या करारातला आहे. पण घाबरू नका, ग्रीक यायची काही गरज नाही. मराठी येतं ना? पुरेसं आहे. थोडं शाळेतलं संस्कृत आठवत असेल तर आणखी मजा येईल.

खरं सांगायचं तर आजचा विषय मी ठरवलेला नाही. तो एका व्हॉइस नोटमुळे आला.

एका मुलीने पाठवली होती. कॉलेजात आहे, घर ख्रिस्ती. ती म्हणाली, "दादा, माझी आजी आयसीयूत होती. नऊ दिवस. आम्ही सगळे आळीपाळीने बाहेर बाकड्यावर बसून प्रभूचं नाव घेत होतो. रात्र रात्र. आजी गेली. नंतर घरी आलेले एक नातेवाईक म्हणाले, बायबलमध्ये तर लिहिलंय की जो नाव घेईल तो वाचेल. मग तुमचं काहीतरी चुकलं असेल. नाव नीट घेतलं नसेल. दादा, नाव नीट घेणं म्हणजे काय असतं हो?"

मी ती नोट तीनदा ऐकली आणि लगेच उत्तर देऊ शकलो नाही. मी काही धर्मगुरू नाही. मला शब्दांची आवड आहे, एवढंच. मग म्हटलं, ते नातेवाईक ज्या वाक्याचा आधार घेत होते, त्या वाक्यातलं क्रियापद तरी नीट बघू. बघायला बसलो आणि वाटलं, हे त्या मुलीने ऐकायलाच हवं. तुम्हीही ऐका.

शब्द काय आहे?

क्रियापद आहे 'एपिकलेओ'. दोन तुकडे करा: 'एपि' आणि 'कलेओ'. 'कलेओ' म्हणजे बोलावणे, हाक मारणे, नाव देणे. 'एपि' म्हणजे वर, किंवा कुणाच्या तरी दिशेने. म्हणजे एखाद्यावर नाव ठेवणे, किंवा एखाद्याला उद्देशून हाक मारणे. नव्या करारात हे क्रियापद सुमारे तीस वेळा येतं, आणि त्यातलं बरंचसं एकाच पुस्तकात येतं. ते पुस्तक म्हणजे 'प्रेषितांची कृत्ये'. येशूनंतरच्या पहिल्या पिढीत काय काय घडलं, त्याची हकीकत.

या एका पुस्तकात हे क्रियापद तीन वेगवेगळ्या कामांना वापरलंय. मराठीत आपल्याला त्यासाठी तीन वेगळे शब्द लागतात. एक, नाव लावणे. दोन, दाद मागणे, म्हणजे कोर्टात करतात ते अपील. आणि तीन, धावा करणे. ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी एपिकलेओच.

एक एक करून बघू.

पहिलं काम: कोणता सायमन?

तुमच्या वर्गात दोन संतोष होते का? असणारच. मग आपण काय करायचो? "कोणता संतोष?" "अरे, तो गॅरेजवाला." झालं, गॅरेजवाला हे त्याचं नाव पडलं. मूळ नावावर दुसरं नाव चढलं.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात अगदी हेच होतं. कर्नेल्य नावाचा एक रोमन सैन्याधिकारी आहे. त्याला दर्शनात सांगितलं जातं की यापो या बंदराच्या गावी माणसं पाठव आणि सायमनला बोलावून आण. आता गंमत बघा. हा सायमन ज्याच्या घरी उतरलाय तो घरमालकही सायमनच! चामडं कमावणारा, समुद्राजवळ राहणारा. मग निरोप्यांनी दारात जाऊन विचारायचं काय? म्हणून सांगितलं जातं: सायमन, ज्याला पेत्र म्हणतात, तो. इथे 'ज्याला म्हणतात' यासाठी क्रियापद आहे एपिकलेओ.

साधी गोष्ट आहे. यात प्रार्थना नाही, देव नाही, ओळख पटवायची सोय आहे. पण एक लक्षात ठेवा. हे वरचं नाव पेत्राने स्वतः घेतलेलं नाही. शुभवर्तमानं सांगतात की ते येशूने त्याला दिलं. दुसऱ्याने ठेवलेल्या नावाने हा माणूस आता ओळखला जातो.

दुसरं काम: सातबाऱ्यावरचं नाव

हीच कल्पना एक पाऊल पुढे न्या. आपण म्हणतो, "जमिनीला नाव लागलं." म्हणजे सातबाऱ्यावर नाव आलं. "तिने आईचं नाव लावलं." म्हणजे ती आता आईच्या नावाने ओळखली जाणार. नाव लागणं म्हणजे आपण कुणाचे, हे ठरणं.

जुन्या हिब्रू भाषेत असाच वाक्प्रचार होता: एखाद्यावर कुणाचं तरी नाव पुकारलं जाणं. त्याचा अर्थ मालकी आणि त्याबरोबर येणारी जबाबदारी. दाविद राजाची गोष्ट आहे. त्याचा सेनापती यवाब राब्बा नावाच्या शहराला वेढा घालतो. शहर पडायला आलंय. तेव्हा तो दाविदाला निरोप पाठवतो की बाबा, उरलेलं सैन्य घेऊन तूच ये आणि शहर जिंक, नाहीतर मी जिंकेन आणि त्यावर माझं नाव पुकारलं जाईल.

ऐतिहासिक कादंबऱ्या वाचत असाल तर तुम्हाला इथे एक मराठी शब्द आठवेल: द्वाही. किल्ला किंवा मुलूख ताब्यात आला की नव्या राजाच्या नावाची द्वाही फिरवायची. म्हणजे जाहीर पुकारा करायचा की आजपासून इथे सत्ता यांची, फिर्याद यांच्याकडे, संरक्षणही यांचं. यवाब ज्याबद्दल बोलतोय ते हेच.

आता नव्या करारात या. याकोबाचं पत्र, अध्याय दुसरा. तिथे एक प्रसंग रंगवलाय. उपासनेला दोन माणसं आलीत. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी, अंगावर झकपक कपडे. दुसरा गरीब, कपडे मळके. पहिल्याला लोक म्हणतात, या साहेब, इथे चांगल्या जागेवर बसा. दुसऱ्याला म्हणतात, तू तिकडे उभा राहा, नाहीतर इथे पायाशी बस. याकोब चिडून विचारतो, तुम्हाला कोर्टात खेचून नेतात ते कोण? हेच श्रीमंत ना? आणि तुमच्यावर जे चांगलं नाव पुकारलं गेलंय, त्या नावाची निंदा करतात तेही हेच ना? इथे 'पुकारलं गेलंय' यासाठी परत एपिकलेओ.

थोडं थांबा इथे. आडनाव विचारून माणसाला कुठे बसवायचं ते ठरवणं आपल्याला काही नवीन नाही. "पूर्ण नाव काय तुमचं?" हा प्रश्न कशासाठी विचारला जातो हे ज्याला विचारला जातो त्याला बरोबर कळतं. याकोबाचा मुद्दा असा की त्या मळक्या कपड्यातल्या माणसावर आता दुसरंच नाव पुकारलं गेलंय. त्याला पायाशी बसवलंत तर अपमान फक्त त्याचा होत नाही, त्या नावाचा होतो.

म्हणजे बघा, 'नाव' ही तोंडाने उच्चारायची गोष्ट आहेच, पण त्याआधी ती माणसावर लागलेली गोष्ट आहे.

तिसरं काम: "मी सीझरकडे दाद मागतो"

आता माझा सगळ्यात आवडता भाग.

पौल नावाचा माणूस कैसरिया शहरात कैदेत आहे. दोन वर्षं झालीत. जुना राज्यपाल गेला, नवा आला. त्याचं नाव फेस्त. काळ साधारण इ. स. ६० च्या आसपासचा. यरुशलेमचे पुढारी पौलावर आरोप करतायत, पण सिद्ध काही होत नाहीये. फेस्तला त्या पुढाऱ्यांची मर्जी राखायची आहे. तो पौलाला विचारतो, यरुशलेमला येतोस का? तिथे माझ्यासमोर खटला चालवू.

पौलाला माहिती आहे की त्या रस्त्यावर त्याला मारायचा कट आहे. पण त्याच्याकडे एक गोष्ट आहे: तो जन्माने रोमन नागरिक आहे. आणि रोमन नागरिकाला वर दाद मागायचा हक्क आहे. तो काय म्हणतो ते बघा. माझ्या भाषेत सांगतो. मी सीझरच्या न्यायासनासमोर उभा आहे. मी मरणदंडाला पात्र असं काही केलं असेल तर मरायला नाही म्हणत नाही. पण आरोप खोटे असतील तर मला कुणीही यांच्या हवाली करू शकत नाही. आणि मग दोन शब्द: "कायसारा एपिकलूमाय." मी सीझरला... काय? हाक मारतो? धावा करतो? तेच क्रियापद आहे! मराठीत आपण म्हणू, मी सीझरकडे दाद मागतो.

हा काही पौलाचा खास शोध नव्हता. रोमच्या कायद्यातल्या या गोष्टीसाठी ग्रीक लोक हेच क्रियापद वापरत. प्लूटार्क नावाचा ग्रीक लेखक रोममधल्या ट्रिब्यून नावाच्या अधिकाऱ्यांकडे कुणी दाद मागतो तेव्हा हाच शब्द वापरतो. त्याच्याही शेकडो वर्षं आधीच्या ग्रीक इतिहासकारांकडे एखादं शहर संकटात सापडलं आणि त्याने बाहेरून मित्रांचं सैन्य मदतीला बोलावलं की तिथेही हेच क्रियापद.

आता या दोन शब्दांनी काय झालं ते बघा. सीझर त्या खोलीत नव्हता. सीझर होता समुद्रापार, रोममध्ये. त्या वेळचा सीझर म्हणजे नीरो. त्याने पौलाचं नावही ऐकलेलं नसेल. पण पौलाने ते दोन शब्द उच्चारले आणि फेस्तच्या हातातून केस गेली. तो आपल्या सल्लागारांशी बोलतो आणि सांगतो: सीझरकडे दाद मागितलीस ना, आता सीझरकडेच जाशील.

लक्षात घ्या, पौलाने सीझरचं नाव मोठ्याने घेतलं का? शंभरदा घेतलं का? उच्चार बरोबर होता का? हे प्रश्नच येत नाहीत. त्याने एक गोष्ट केली. खालच्या अधिकाऱ्याच्या हातातली आपली केस उचलून वरच्याच्या हातात दिली.

पण त्याची किंमत आहे. पुढच्याच अध्यायात अग्रिप्पा राजा पौलाचं सगळं ऐकून घेतो आणि फेस्तला म्हणतो, या माणसाने सीझरकडे दाद मागितली नसती तर याला सोडता आलं असतं. आहे की नाही? सुटका हाताशी होती, पण अपील झालं होतं. मग जहाजाचा प्रवास, वादळ, माल्टाजवळ जहाज फुटणं, आणि रोममध्ये दोन वर्षं पहाऱ्यात. निकाल काय लागला ते पुस्तक सांगतच नाही. ते तिथेच संपतं.

मला इथे माझे आजोबा आठवतात. त्यांची बांधावरून एक केस होती. खालच्या कोर्टात हरले. आजी म्हणाली, सोडा आता. त्यांनी अपील केलं. वकिलाने बजावलं होतं, आबा, वरचं कोर्ट तुमच्या बाजूनेच देईल असं नाही, विरुद्ध गेलं तरी मानावं लागेल. आजोबा म्हणाले, मानीन की. आणि अपील दाखल झालं त्या रात्री, आजी सांगायची, किती दिवसांनी माणूस शांत झोपला. निकाल लागलेला नव्हता, तारीखसुद्धा पडली नव्हती. पण त्यांचं म्हणणं एवढंच, की आता कागद वर गेलाय.

थोडं व्याकरण, पण कामाचं

आता ते संस्कृत. शाळेत परस्मैपद आणि आत्मनेपद घोकलं होतं ना? कंटाळा यायचा. पण आज त्याचा उपयोग आहे.

संस्कृतात 'यजति' आणि 'यजते' अशी दोन रूपं होतात. दोन्हीचा अर्थ यज्ञ करतो. पण पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा 'यजति', आणि ज्याचा यज्ञ आहे, ज्याला फळ मिळणार आहे, तो 'यजते'. म्हणून त्याला आपण म्हणतो यजमान. आजही लग्नात, पूजेत आपण यजमान म्हणतो ते हेच आत्मनेपदी रूप.

ग्रीकमध्येही असाच तिसरा प्रकार आहे. त्याला मध्यम प्रयोग म्हणतात. करणारा स्वतः त्या क्रियेत गुंतलेला असतो, ती त्याच्या स्वतःसाठी असते. ग्रीक आणि संस्कृत या एकाच मोठ्या कुटुंबातल्या भाषा, त्यामुळे खुणासुद्धा जुळतात. संस्कृतातलं 'यजमान', 'वर्तमान' यातलं 'मान' आणि ग्रीकमधलं 'मेनोस' एकाच मुळाचे. आपलं 'नाम' आणि त्यांचं 'ओनोमा' हेही तसंच.

कुणाला नाव दिलं तर एपिकलेओ. पण स्वतःसाठी कुणाला हाक मारली, कुणाकडे दाद मागितली, कुणाचा धावा केला तर हे मध्यम रूप: एपिकलूमाय. पौल सीझरकडे जाताना हेच रूप वापरतो. देवाला हाक मारणाऱ्यांसाठीही हेच. म्हणजे व्याकरणच सांगतंय की बाजूला उभं राहून ही क्रिया होत नाही. यज्ञ भटजीबुवा करू शकतात, पण यजमान तुम्हालाच व्हावं लागतं.

आणखी एक गंमत. 'ज्याला अमुक म्हणतात तो' आणि 'जो धावा करतो तो', या दोन्हींसाठी ग्रीकमध्ये एकच रूप दिसतं: एपिकलूमेनोस. पेत्रासाठी वापरलेला तोच शब्द प्रार्थना करणाऱ्यासाठी. कोणता अर्थ घ्यायचा हे आजूबाजूच्या वाक्यावरून ठरतं. मी असं म्हणत नाही की प्रत्येक ठिकाणी सगळे अर्थ एकदम घ्यायचे. तसं केलं तर कुठल्याही शब्दातून काहीही काढता येईल. पण मूळ ग्रीक वाचणाऱ्याच्या कानावर एकच आवाज पुन्हा पुन्हा पडतो, हे खरंच आहे.

आता ते वाक्य

तर नातेवाईकांनी सांगितलेलं ते वाक्य. मुळात ते योएल या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं. पेत्र ते पन्नासाव्या दिवसाच्या सणाला भाषणात सांगतो, आणि पौल रोमच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात, दहाव्या अध्यायात, परत सांगतो. आशय असा, की जो कुणी प्रभूच्या नावाचा धावा करेल त्याचं तारण होईल. मराठी बायबलमध्ये इथे 'धावा' हा शब्द आढळतो. छान शब्द आहे. धावा म्हणजे "देवा, धाव" असं म्हणणं. फक्त त्यात दाद मागण्याचा अर्थ आपल्याला चटकन ऐकू येत नाही, आणि 'नाव घेणं' म्हटलं की तर तो पूर्णच हरवतो.

नाव घेणं म्हटलं की आपल्याला वाटतं, हा पासवर्ड आहे. बरोबर टाकला की दार उघडणार. उघडलं नाही? मग स्पेलिंग चुकलं असेल.

तर याच नव्या करारात पासवर्ड टाकणाऱ्यांची एक गोष्ट आहे. 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय १९, गाव इफिस. स्किवा नावाच्या एकाचे सात मुलगे. भुतं काढायचा यांचा उद्योग. त्यांनी बघितलं की पौल येशूच्या नावाने काही करतो आणि ते होतं. त्यांनीही एका बाधा झालेल्या माणसावर ते नाव टाकलं. म्हणाले, पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची तुम्हाला शपथ. त्यावर तो दुष्ट आत्मा म्हणतो, येशू मला माहीत आहे, पौलही माहीत आहे, पण तुम्ही कोण? आणि त्या माणसाने सातही जणांना असा चोप दिला की ते उघडे, जखमी होऊन घराबाहेर पळाले.

नाव बरोबर होतं, उच्चारही बरोबर असणार. पण इथे लेखकाने क्रियापद बदललंय. इथे एपिकलेओ नाही. इथे आहे 'ओनोमाझो', नुसतं नाव उच्चारणे. तसंच मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू बजावतो की मला प्रभू, प्रभू म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाईल असं नाही. तिथेही एपिकलेओ नाही. तिथे आहे 'लेगो', म्हणजे म्हणणे, बोलणे.

आता मीही प्रामाणिकपणे सांगतो, ओनोमाझो नेहमी वाईट अर्थानेच येतं असं नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ते चांगल्या अर्थाने येतं, आणि तिथे लगेच पुढे अट आहे: नाव घेणाऱ्याने अन्यायापासून दूर राहावं. म्हणजे फरक फक्त शब्दात नाही. फरक आहे त्या सात भावांच्या वागण्यात. त्यांची स्वतःची केसच नव्हती. त्यांनी दुसऱ्याचं नाव वापरलं, स्वतःला त्या नावाखाली ठेवलं नाही.

आणि पौल रोमकरांच्या पत्रात याच वाक्याला जोडून काय विचारतो? ज्यावर विश्वास ठेवला नाही त्याचा धावा कसा करतील? ज्याच्याविषयी ऐकलं नाही त्यावर विश्वास कसा ठेवतील? म्हणजे धावा करणं ही त्या साखळीतली शेवटची कडी. आधी ऐकणं, मग भरवसा, मग हाक. पौलाने सीझरकडे दाद मागितली कारण त्याला माहीत होतं की वर कुणीतरी आहे ज्याला ऐकायचा अधिकार आहे.

स्तेफन

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात ते वचन दुसऱ्या अध्यायात येतं. जो धावा करेल तो वाचेल. मग आपण वाट बघतो की आता कोण धावा करतो आणि कसा वाचतो. त्या पुस्तकात प्रत्यक्ष धावा करताना दाखवलेला पहिला माणूस कोण, माहितीय? स्तेफन. सातवा अध्याय. लोक त्याला शहराबाहेर ओढून नेतात आणि दगड मारतात. दगड पडत असताना तो धावा करतोय. तेच क्रियापद. तो म्हणतो, प्रभू येशू, माझा आत्मा स्वीकार. मग गुडघे टेकतो, मारणाऱ्यांना क्षमा मागतो आणि मरतो.

दगड थांबले नाहीत. एकही नाही.

मग त्याने नाव नीट घेतलं नव्हतं का? असं म्हणायची कुणाची हिंमत होईल? त्याच पुस्तकात, पाच अध्यायांपूर्वी वचन देणाऱ्या लेखकानेच ही गोष्ट लिहिली. त्याला विरोध दिसला नसेल? दिसलाच असणार. त्याच्या दृष्टीने धावा करणं म्हणजे दगड अडवायची ढाल नव्हतीच. खाली एक न्यायसभा बसली होती, तिच्यासमोरून स्तेफनला ओढत नेलं होतं. त्याने आपली केस तिच्या हातातून काढून वर दिली. अपील. आणि पौलासारखंच, मरायला नाही म्हटलं नाही.

तिथे जवळच एक तरुण उभा होता. मारणाऱ्यांनी आपले कपडे त्याच्या पायाशी ठेवले होते. त्याचं नाव शौल. दोन अध्यायांनंतर हा शौल दिमिष्काला निघतो, या नावाचा धावा करणाऱ्या सगळ्यांना बांधून आणायला. तेच क्रियापद. म्हणजे तेव्हा हे क्रियापद म्हणजे पकडायच्या माणसांची ओळख होती. मग वाटेत त्याचं आयुष्य उलटतं, आणि हनन्या नावाचा माणूस त्याला सांगतो, ऊठ, बाप्तिस्मा घे, आता त्याच्या नावाचा धावा कर. तेच क्रियापद. आणि हाच शौल म्हणजे पौल, जो पुढे फेस्तसमोर म्हणतो, कायसारा एपिकलूमाय. एका माणसाच्या आयुष्यात हा शब्द कुठून कुठे गेला बघा. स्तेफनच्या तोंडून त्याने तो पहिल्यांदा ऐकला, असं मला वाटतं.

तर ताई, तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे जे उत्तर आहे ते असं. तुझ्या नातेवाईकांनी जे विचारलं, नाव नीट घेतलं का, किती घेतलं, मनापासून घेतलं का, ते प्रश्न या क्रियापदात बसत नाहीत. त्या बाकड्यावर बसून तुम्ही काय केलंत? डॉक्टरांच्या हातात जेवढं होतं तेवढं झालं, तुमच्या हातात काही उरलं नाही, तेव्हा आजीची केस तुम्ही वर दिलीत. ग्रीकमध्ये त्यालाच हा शब्द आहे. ते नऊ रात्री झालं. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं. निकाल तुमच्या मनासारखा लागला नाही, त्याचं दुःख आहे, ते राहणार. पण अर्ज चुकला म्हणून आजी गेली, हे ओझं तुझं नाही. स्तेफनचाही अर्ज चुकला नव्हता.

माझ्या आजोबांच्या अपिलाचा निकाल ते गेल्यानंतर दोन वर्षांनी लागला. काय लागला ते आज सांगत नाही. त्यांनी कधी विचारलंही नव्हतं की लवकर लागेल का. तारखेला मात्र न चुकता जायचे. धोतर नेसून, पहाटेच्या एसटीने.

तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, नसा, देव मानत असा, नसा, एक विचार करून बघा. आपण दिवसभर किती नावं घेतो. त्यातलं कुठलं नाव आपण नुसतं वापरतो, आणि कुठल्या नावाखाली उभं राहायला, त्याचा निकाल मानायला आपण तयार आहोत?

चला, आज इथेच थांबू. तुमच्या घरी, गावात 'नाव लावणे', 'द्वाही', 'धावा', 'दाद' यांचे काही वेगळे वापर असतील तर व्हॉइस नोट पाठवा, मला खरंच ऐकायला आवडतील. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. नमस्कार.